नवखा नेता राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकू शकतो का?

प्रश्न असा आहे की, वय चाळिशीच्या आसपास, राष्ट्रीय राजकारणात जेमतेम एक कार्यकाळ आणि कारभाराचा अनुभव जवळपास नाही, अशा नेत्याला लोकांच्या मतांवर होणारी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकता येईल का, की समोरचा मुरलेला उमेदवार अनुभवाचा मुद्दा पुढे करून त्याला सहज मागे टाकेल. निवडणूक प्रचाराच्या कामात आयुष्याचा मोठा भाग गेल्यामुळे मी याचे उत्तर ठामपणे देऊ शकतो. अशी निवडणूक जिंकता येते आणि गेल्या दोन दशकांत ती वेगवेगळ्या खंडांत जिंकली गेली आहे. मात्र त्या यशाची जी कारणे सर्रास सांगितली जातात, म्हणजे तरुण चेहरा, ताजेपणा आणि वक्तृत्व, ती मला अपुरी वाटतात. माझ्या मते अनुभव कमी असल्याचा फटका मतदाराच्या मनापेक्षा उमेदवारीच्या वाटेवर अधिक बसतो. मतपत्रिकेवर नाव येईपर्यंतचा रस्ता ज्याने बारकाईने अभ्यासला आहे, त्याला शेवटची लढत तुलनेने सोपी जाते. ज्याची भिस्त केवळ लोकप्रियतेवर असते, तो बहुतेक वेळा त्या लढतीपर्यंत पोचतच नाही.

आधी वय आणि अनुभव यांची गल्लत दूर करायला हवी, कारण चर्चेत हे दोन शब्द एकाच दमात उच्चारले जातात. जॉन केनेडी १९६० मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी निवडून आले. अमेरिकेत आजवर निवडून आलेले ते सर्वांत तरुण अध्यक्ष. पण तोवर अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, त्यांची १४ वर्षे झालेली होती. त्यांच्याहून कमी वयात, ४२ व्या वर्षी, थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष झाले, मात्र ते १९०१ मध्ये अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या हत्येनंतर उपाध्यक्षपदावरून त्या जागी आले होते. बराक ओबामा २००८ मध्ये ४७ वर्षांचे होते, म्हणजे फार तरुण नव्हते, पण सिनेटमध्ये त्यांची चार वर्षेही पूर्ण झाली नव्हती आणि त्यातला बराचसा काळ प्रचारातच गेला होता. फ्रान्सचे इमॅन्युएल मॅक्रॉन २०१७ मध्ये ३९ व्या वर्षी जिंकले, तेव्हा त्यांनी त्याआधी एकही निवडणूक लढवलेली नव्हती. तरीही अध्यक्षीय कार्यालयात दोन वर्षे आणि अर्थमंत्री म्हणून दोन वर्षे काढल्यामुळे सत्तेचे गाडे आतून कसे चालते हे त्यांनी पाहिले होते. चिलीचे गाब्रिएल बोरिक २०२१ मध्ये ३५ व्या वर्षी निवडून आले, पण २०१४ पासून ते संसदेत होते. पूर्णपणे कोरी पाटी घेऊन आलेले उदाहरण हवे असेल तर ते युक्रेनच्या व्होलोदिमीर झेलेन्स्की यांचे आहे. २०१९ मध्ये, ४१ व्या वर्षी, दुसऱ्या फेरीत त्यांना सुमारे ७३ टक्के मते मिळाली, आणि त्याआधी त्यांनी कोणतेही राजकीय पद भूषवलेले नव्हते.

वयाची कायदेशीर अट हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. अमेरिका आणि चिलीत किमान वय ३५ आहे, नायजेरियाने २०१८ मध्ये ते ४० वरून ३५ वर आणले, फ्रान्समध्ये २०११ पासून १८ वर्षांची व्यक्तीही उभी राहू शकते. या अटीमुळे कोण उभे राहू शकते एवढेच ठरते.

आता मतदार अनुभवाकडे कसे पाहतो ते पाहू. मतदाराच्या लेखी अनुभव ही तुलनेने तोलायची गोष्ट असते. सध्याच्या कारभाराबद्दल समाधान असेल तर अनुभवी उमेदवार म्हणजे खात्री. असमाधान असेल तर तोच अनुभव त्या कारभारातला सहभाग ठरतो. १९६० ची लढत या दृष्टीने फार शिकवणारी आहे. केनेडी यांचे प्रतिस्पर्धी रिचर्ड निक्सन यांचा सारा प्रचार आठ वर्षांच्या उपाध्यक्षपदावर उभा होता. केनेडी यांच्याच पक्षाचे माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी जुलैच्या सुरुवातीला त्यांच्या तयारीबद्दल जाहीर शंका घेतली. केनेडी यांनी दोनच दिवसांत पत्रकारांसमोर उत्तर देताना आपल्या १४ वर्षांच्या कामाचा हिशेब मांडला आणि वयाची हीच कसोटी लावली असती तर जेफरसन स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहू शकले नसते, असे सांगितले. मग ऑगस्टमध्ये, निक्सन यांनी मांडलेली आणि आपण स्वीकारलेली एखादी मोठी कल्पना सांगा, असे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना पत्रकार परिषदेत विचारले गेले तेव्हा, एक आठवडा द्या, कदाचित एखादी आठवेल, असे उत्तर त्यांनी दिले. विरोधकांनी ते वाक्य उचलून दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीत वापरले. निक्सन आणि केनेडी दोघेही १९४७ च्या जानेवारीत एकाच वेळी काँग्रेसमध्ये आले होते. दोघांत फरक होता तो उपाध्यक्षपदाचा, आणि त्या पदावर केलेल्या कामाचीच साक्ष डळमळीत झाली. पुढे २६ सप्टेंबरच्या पहिल्या दूरचित्रवाणी चर्चेत सहा कोटींहून अधिक लोकांनी दोघांना शेजारी शेजारी उभे पाहिले. त्या रात्री कोण जिंकले यावर आजही वाद होतो, पण केनेडी यांच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच होते की कच्चा म्हणून हिणवला गेलेला माणूस उपाध्यक्षांच्या बरोबरीने उभा राहिला आणि कुठे अडखळला नाही. देशभरातल्या मतांत मात्र दोघांमध्ये सुमारे १ लाख १३ हजारांचाच फरक पडला, म्हणजे शंका पूर्णपणे मिटली होती असे कुणी म्हणू नये.

अनुभवाची दुसरी बाजू म्हणजे त्याच्याबरोबर येणारी नोंद. दीर्घ कारकीर्द असलेल्या प्रत्येक नेत्यामागे सभागृहातली काही मतदाने, काही तडजोडी आणि काही फसलेले निर्णय असतात. २००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी ओबामांच्या प्रतिस्पर्धी असलेल्या हिलरी क्लिंटन यांनी पहाटे तीन वाजता व्हाइट हाउसमधला फोन वाजतो अशी जाहिरात करून अनुभवाचा प्रश्न थेट विचारला. ओबामांकडे त्याला उत्तर होते, कारण ऑक्टोबर २००२ मध्ये क्लिंटन यांनी सिनेटमध्ये इराक युद्धाला अधिकार देणाऱ्या ठरावाच्या बाजूने मत दिले होते आणि त्याच महिन्यात, राज्याच्या सिनेटमध्ये असलेल्या ओबामांनी शिकागोच्या सभेत त्या युद्धाला विरोध केला होता. त्या वेळी ते राष्ट्रीय पातळीवर नव्हते, म्हणून त्यांच्यावर मत देण्याची जबाबदारीही नव्हती, हे खरे आहे. तरीही लोकांनी प्रश्न असा पाहिला की मोठा अनुभव असलेल्यांनी चुकीचा निर्णय घेतला असेल तर तो अनुभव कशासाठी हवा. नवख्या उमेदवाराने अनुभवाच्या मुद्द्याला तोंड देण्याची माझ्या माहितीतली सर्वांत परिणामकारक रीत हीच आहे: आपला अनुभव फुगवून सांगायचा नाही आणि चर्चा वर्षांच्या मोजणीवरून निर्णयक्षमतेवर न्यायची. त्यासाठी एक तरी ठळक, नोंदलेला आणि लोकांना पटलेला निर्णय गाठीशी असावा लागतो. तो नसेल तर ही रीत पोकळ ठरते.

आता उमेदवारीच्या वाटेकडे येतो, कारण माझ्या मते खरा कस तिथेच लागतो. २००८ चीच गोष्ट जवळून पाहिली तर आकडे बोलके आहेत. ५ फेब्रुवारीला एकाच दिवशी वीसहून अधिक राज्यांत उमेदवार निवडण्यासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचे मतदान झाले. क्लिंटन यांनी न्यू जर्सी जिंकले, जिथे ११ लाखांहून अधिक लोकांनी मत दिले होते. ओबामांनी आयडाहो जिंकले, जिथे कॉकसच्या, म्हणजे एकत्र जमून उमेदवार निवडण्याच्या, सभांना सुमारे २१ हजार लोक आले होते. पक्षाचा उमेदवार शेवटी ठरवणारे प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जात असल्यामुळे न्यू जर्सीतून क्लिंटन यांना ५९ आणि ओबामांना ४८ प्रतिनिधी मिळाले, म्हणजे आघाडी ११ ची. आयडाहोत ओबामांना १५ आणि क्लिंटन यांना ३, म्हणजे आघाडी १२ ची. पक्षाच्या दृष्टीने जवळपास हरलेले मानले जाणारे एक छोटे राज्य एका मोठ्या राज्याला पुरून उरले. हे योगायोगाने घडले नाही. आयडाहोसारख्या राज्यांत ओबामांनी आधीपासून कार्यालये उघडली होती, पगारी माणसे नेमली होती, स्वयंसेवकांना कॉकसचे नियम शिकवले होते. समोरच्या गटाचा होरा असा होता की मोठ्या राज्यांतील विजयांनी फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच प्रश्न मिटेल. तो मिटला नाही तेव्हा पुढच्या राज्यांत त्यांची बांधणी अपुरी पडली आणि ओबामांनी त्या महिन्यात लागोपाठ ११ लढती जिंकल्या. ज्यांच्याकडे अनुभव होता त्यांच्यापेक्षा नियम कमी अनुभवी उमेदवाराच्या माणसांनी अधिक नीट वाचले होते. उमेदवार नवखा असला तरी त्याच्या भोवतीची माणसे नवखी असून चालत नाही, हे या निवडणुकीतून मी शिकलो आणि पुढे प्रत्येक कामात पाळले.

पैशाचेही तसेच. २००७ च्या पहिल्या तिमाहीत ओबामांनी सुमारे २.५ कोटी डॉलर गोळा केले आणि त्यांचे देणगीदार १ लाखाहून अधिक होते. कायद्याने प्रत्येक देणगीदारावर कमाल मर्यादा असते, त्यामुळे थोड्या मोठ्या देणगीदारांवर उभा असलेला प्रचार ती मर्यादा गाठली की आटतो. लहान देणग्या देणाऱ्यांकडे पुन्हा पुन्हा जाता येते. ज्याच्याकडे जुने लागेबांधे नाहीत अशा उमेदवाराला हा मार्ग नाइलाजाने धरावा लागतो, आणि लांबलेल्या लढतीत तोच त्याला तारतो.

नियम बदलले की वाटही बदलते. फ्रान्समध्ये पक्षाची उमेदवारी नसली तरी निवडून आलेल्या ५०० लोकप्रतिनिधींच्या सह्या मिळवून रिंगणात उतरता येते आणि पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. मॅक्रॉन यांनी एप्रिल २०१६ मध्ये आपली चळवळ सुरू केली, त्या उन्हाळ्यात स्वयंसेवकांना घरोघरी पाठवून लोकांच्या तक्रारी नोंदवून घेतल्या आणि जुन्या पक्षांच्या अंतर्गत निवडणुकांत न अडकता थेट पहिल्या फेरीची तयारी केली. नशिबाचाही वाटा मोठा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. अध्यक्ष ओलांद यांनी पुन्हा न लढण्याचे जाहीर केले, उजव्या पक्षाचे आघाडीवर असलेले फ्रान्स्वा फियों पत्नीच्या नोकरीच्या प्रकरणात जानेवारी २०१७ पासून अडकले, आणि फेब्रुवारीत मध्यममार्गी फ्रान्स्वा बायरू यांनी स्वतः न लढता मॅक्रॉन यांना पाठिंबा दिला. पहिल्या फेरीत मॅक्रॉन यांना २४ टक्के, अतिउजव्या मरीन ल पेन यांना २१.३, फियों यांना २० आणि डावे नेते मेलांशों यांना १९.६ टक्के मते पडली. पहिल्या आणि चौथ्या उमेदवारात साडेचार टक्क्यांचेही अंतर नव्हते. यातला एखादा धागा वेगळा विणला गेला असता तर मॅक्रॉन दुसऱ्या फेरीतही दिसले नसते. पण संधी दारात आली तेव्हा उघडायला माणूस घरी होता, आणि राजकारणात तयारी म्हणतात ती यालाच.

त्याच निवडणुकीतला २६ एप्रिलचा प्रसंग मी नव्या उमेदवारांना नेहमी सांगतो. आमिया या मॅक्रॉन यांच्या जन्मगावी व्हर्लपूल या गृहोपकरण कंपनीचा कारखाना पोलंडला हलवला जाणार होता. मॅक्रॉन गावात कामगार संघटनांच्या प्रतिनिधींशी बंद दाराआड चर्चा करत असताना ल पेन अचानक कारखान्याच्या वाहनतळावर कामगारांमध्ये पोचल्या, त्यांच्याबरोबर छायाचित्रे काढली आणि थोड्याच वेळात निघून गेल्या. माजी बँकर असलेल्या, गरिबांपासून दूर समजल्या जाणाऱ्या उमेदवाराची याहून वाईट कोंडी होणे कठीण. मॅक्रॉन दुपारी तिथे गेले. शिट्ट्या आणि घोषणांनी त्यांचे स्वागत झाले. कारखाना बंद होणार नाही असे खोटे आश्वासन त्यांनी दिले नाही, सीमा बंद करून नोकऱ्या वाचत नाहीत हे त्यांनी संतापलेल्या लोकांच्या तोंडावर सांगितले आणि बराच वेळ एकेकाशी वाद घालत उभे राहिले. त्यांच्या माणसांनी हे सारे थेट प्रक्षेपित केले. किती कामगारांची मते वळली हा प्रश्न इथे गौण आहे. देशाने पाहिले ते असे की हा तरुण माणूस दबावाखाली पळत नाही. दुसऱ्या फेरीत त्यांना ६६ टक्के मते मिळाली, अर्थात त्यात ल पेन यांना रोखण्यासाठी पडलेली मतेही मोठी होती.

इतर देशांत या वाटेची रूपे आणखी निराळी दिसतात. एल साल्वादोरमध्ये १९८९ पासून दोनच पक्ष सत्तेत आले होते. राजधानीचे महापौर राहिलेल्या नायिब बुकेले यांना त्यांतल्या एका पक्षाने २०१७ मध्ये काढून टाकले, त्यांच्या नव्या पक्षाची नोंदणी वेळेत होऊ शकली नाही, म्हणून त्यांनी आधीच नोंदणी असलेल्या एका तिसऱ्या पक्षाचे तिकीट घेतले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ३७ व्या वर्षी सुमारे ५३ टक्के मते घेऊन पहिल्याच फेरीत जिंकले. सेनेगलचे बासिरू दिओमाय फाय यांचे उदाहरण तर विलक्षण आहे. कर निरीक्षक असलेले फाय पक्षाचे दुसऱ्या फळीतले नेते होते. मुख्य नेते उस्मान सोंको यांना निवडणूक लढवण्यास मनाई झाल्याने ते उमेदवार झाले. १४ मार्च २०२४ रोजी ते तुरुंगातून सुटले, २४ मार्चला मतदान झाले आणि ५४ टक्के मतांनी ते जिंकले. दहा दिवसांच्या प्रचाराने कुणी अध्यक्ष होत नाही. सोंको यांच्या मागे वर्षानुवर्षे उभी राहिलेली संघटना आणि आधीच्या सरकारबद्दलचा रोष त्यांच्या पाठीशी होता.

बोरिक यांची निवडणूक मला या सगळ्यांत अधिक अनुकरणीय वाटते, कारण त्यांनी आपली मर्यादा ओळखून दोन फेऱ्यांमधल्या चार आठवड्यांत प्रचाराची दिशा बदलली. पहिल्या फेरीत ते २५.८ टक्क्यांवर, अतिउजवे होसे अंतोनियो कास्ट यांच्या दोन टक्के मागे, दुसऱ्या क्रमांकावर होते. विद्यार्थी चळवळीतून आलेल्या या नेत्याने जुन्या मध्यम-डाव्या पक्षांशी पुन्हा बोलणी सुरू केली, खर्चाबद्दल आणि सुरक्षेबद्दल सावध भाषा स्वीकारली, आणि डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षा इझ्किया सिचेस पद सोडून त्यांच्या प्रचारप्रमुख झाल्या. मतदान सुमारे ४७ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांच्या वर गेले आणि बोरिक जवळपास ५६ टक्के मतांनी निवडून आले. आपल्या मूळ पाठीराख्यांची नाराजी पत्करून अनोळखी मतदाराकडे जाणे तरुण नेत्यांना फार जड जाते; त्यांना वाटते की आपला ताजेपणा म्हणजे आपली ताठरता.

हरलेल्यांकडेही पाहायला हवे, नाहीतर उत्तर एकांगी होईल. अमेरिकेत विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना १८९६ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली, तीही मुख्यतः एका गाजलेल्या भाषणाच्या बळावर. ते मॅकिन्ली यांच्याकडून हरले. पराभवाचे खापर वयावर फोडणे सोपे आहे, पण १९०८ मध्ये, सार्वजनिक जीवनाची आणखी बारा वर्षे पदरी असताना, ते याहून मोठ्या फरकाने हरले. औद्योगिक शहरांतील मतदार त्यांच्याकडे पहिल्या वेळीही वळला नाही आणि शेवटच्या वेळीही नाही. अलीकडचे उदाहरण डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या पीट बुटिजेज यांचे. इंडियाना राज्यातल्या सुमारे १ लाख वस्तीच्या साउथ बेंडचे माजी महापौर असलेल्या या ३८ वर्षांच्या उमेदवाराने फेब्रुवारी २०२० मध्ये आयोवात प्रतिनिधींच्या मोजणीत अगदी थोडक्यात आघाडी घेतली आणि न्यू हॅम्पशायरमध्ये दुसरा क्रमांक मिळवला. त्यांची भाषणे उत्तम होती, संघटना चांगली होती, चर्चांमध्ये ते कुणाला हार जात नव्हते. पण ही दोन्ही राज्ये बहुसंख्य गोऱ्या वस्तीची आहेत. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनात, जिथे पक्षाच्या मतदारांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते, त्यांना आठ टक्क्यांच्या आसपास मते पडली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी माघार घेतली. ओबामांनी हेच राज्य २००८ मध्ये ५५ टक्के मतांनी जिंकले होते.

शेवटच्या लढतीत नवख्या उमेदवाराला दोन गोष्टींचा आधार घेता येतो. एक म्हणजे सोबतीला वजनदार माणूस. केनेडींनी सिनेटमधील बहुमताचे नेते लिंडन जॉन्सन यांना घेतले, ओबामांनी १९७३ पासून सिनेटमध्ये असलेल्या जो बायडन यांना. दुसरी म्हणजे संकटकाळातले वागणे, आणि ते मात्र ठरवून आणता येत नाही. सप्टेंबर २००८ मध्ये लीमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक कोसळल्यावर ओबामांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी, ७२ वर्षांच्या जॉन मॅकेन यांनी प्रचार थांबवत असल्याचे जाहीर केले, पहिली चर्चा पुढे ढकलण्याची मागणी केली आणि तरीही त्या चर्चेला ते आले. ओबामा शांत राहिले, एका वेळी दोन कामे अध्यक्षाला करता यायला हवीत असे म्हणाले आणि ठरल्या दिवशी मंचावर गेले. त्याच्या साधारण महिनाभर आधी मॅकेन यांनी दोन वर्षांहून कमी काळ गव्हर्नर असलेल्या सारा पेलिन यांना उपाध्यक्षपदासाठी निवडून अनुभवाचे आपलेच हत्यार बोथट करून घेतले होते.

थांबून अनुभव मिळवावा की आत्ताच उतरावे, हाही प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. पक्षातली ज्येष्ठ मंडळी साधारणपणे थांबायला सांगतात आणि त्यांचा हेतू नेहमीच वाईट असतो असे नाही. माझा सल्ला मात्र परिस्थितीनुसार बदलतो. विद्यमान अध्यक्ष लोकप्रिय असेल आणि पुन्हा लढणार असेल तर थांबावे. पण मैदान खुले असेल, सत्ताधाऱ्यांबद्दल नाराजी असेल आणि एखाद्या मोठ्या प्रश्नावर आपली भूमिका प्रतिस्पर्ध्यापेक्षा स्वच्छ असेल, तर पुढच्या चार-पाच वर्षांत अनुभवाबरोबर अडचणीची मतदानेही वाढतील आणि तशी संधी परत येईलच याची हमी नसते.

तुमच्या मनात जो नेता आहे त्याच्याबद्दल अंदाज बांधायचा असेल तर सभेतील गर्दी आणि सुरुवातीच्या पाहण्या काही काळ बाजूला ठेवा. उमेदवारीचे नियम, मुदती आणि सह्या सांभाळणारा माणूस कोण आहे आणि त्याने हे काम आधी केले आहे का, हे विचारा. देणगीदार किती आहेत ते पाहा. रक्कम नंतर पाहा. आणि ज्या प्रांतात, ज्या वर्गात त्याला कुणी ओळखत नाही, तिथे तो पहिल्या मतदानाच्या किमान वर्षभर आधीपासून जातो आहे का, तिथले स्थानिक लोक त्याच्यासाठी आपले नाव पणाला लावायला तयार आहेत का, याची चौकशी करा. बुटिजेज यांची आयोवातली आघाडी अवघ्या चार आठवड्यांत विरली, कारण साउथ कॅरोलिनात असे लोक त्यांच्याकडे फारच थोडे होते.